मोठीआईने पाळलेल्या आज्ञा

मोठीआई गेल्याची बातमी मला चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. ‘आपल्या लाडक्या भगिनी रूथबाई प्रभूच्या विसाव्यात गेल्या’, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. लाडक्या म्हणे! आमगावच्या चर्चात कित्येक वर्षं यातलं कुणी तिच्या बाकावर बसत नव्हतं.

रूथबाई म्हणजे माझी मोठी काकू. मूलबाळ नाही, काका लवकर गेलेले. अंगणातल्या कोंबड्या आणि रविवारचं चर्च एवढाच संसार. लहानपणी मी विचारलं होतं, आज्ञा पाळायच्या म्हणजे काय करायचं गं? दाणे टाकता टाकता म्हणाली, “कोंबड्या पाळतो ना, तशाच. रोज दाना टाका, सांजेले मोजून झाका. एक दिवस हयगय केली का मुंगूस नेते.”

मग तो अपघात झाला. मंडळीच्या एका पंचाच्या मुलाने तिच्या फाटकासमोर मोटरसायकलने फागूबाबाची सायकल उडवली. शेजारचा म्हातारा शेतकरी, पाय कायमचा अधू झाला. पाहणारी एकटी मोठीआई. पंच घरी आले, आधी प्रार्थना केली... हो, आधी प्रार्थना! मग म्हणाले, “बाई, गाडी आपला पोरगा चालवत नव्हता, एवढंच बोला. लेकराची जिंदगी खराब होऊन जाईल. देव माफ करते.” मी तिथेच होते. मोठीआईने पदर सारखा केला. “खोटी साक्ष देऊ नको, असं लिवलं हाय. आपल्या लेकराले सोडून, असं नाही लिवलं.”

तिने पोलिसांना खरं ते सांगितलं आणि मंडळीने तिला वाळीत टाकलं. त्या नाताळाला ती करंज्या घेऊन दारात उभी होती. घरोघरी गाणारी टोळी आली, तिच्या फाटकाशी गाणं थांबलं, पुढच्या घरी पुन्हा सुरू झालं. तारणाऱ्याच्या जन्माचं गाणं! मला त्या माणसांची किळस आली, अजून येते. मी चिडून विचारलं, कायले जातेस त्या चर्चात? “देवानं मले सोडलं नाही,” ती म्हणाली. “मंडळीनं सोडलं. दोघायले एक नको करू.” करंज्या तिने फागूबाबाकडे पाठवल्या.

दफनाच्या वेळी तेच पंच बोलायला उभे राहिले. रूथबाईंनी जन्मभर देवाच्या आज्ञा पाळल्या, म्हणाले. कोणती आज्ञा, ते मात्र जिभेवर आलं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर जेवण ठेवू, बाईंच्या कोंबड्या आहेतच, त्याच कापू. गाडी पकडून मी आमगावला गेले. वाटलं होतं, खुराडं एव्हाना रिकामं असेल. अंगणात फागूबाबा काठी भिंतीला टेकवून, अधू पाय लांब करून बसला होता. शेवटची कोंबडी आत ढकलून त्याने फळी लावली.

“बाई मोजून झाकत होती,” तो म्हणाला. “मी बी मोजून झाकून राहिलो. पुऱ्या हायेत.”

तिथूनच मी पंचांना फोन लावला. म्हटलं, कोंबड्या मिळणार नाहीत. पाळलेल्या आहेत.