देवाचं डावं अंग

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पक्षाघातानं पत्नीचं डावं अंग लुळं पडलं, त्याला पाच महिने झाले होते. व्यायाम टाळला तर हात कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी रोज समोर खुर्ची टाकून सांगायचो, "डावा हात उचल." ती मान फिरवायची. "अर्धी मेलेय मी," एवढंच म्हणायची. देवावरचा माझा विश्वास उडाला होता. मेहुणीच्या आग्रहाखातर आम्ही दोघं भीमाशंकरला निघालो, इतकंच.

डिंभ्याच्या पुढे भाड्याची जीप बंद पडली. चालक दुरुस्तीचं सामान आणायला घोडेगावला गेला. रस्त्यालगत महादेवाचं लहान देऊळ होतं, सावलीसाठी तिला आधार देत आत शिरलो. भिंतीत अर्धनारीनटेश्वराची कमरेइतकी उंच मूर्ती होती. उजव्या अंगाला जटा आणि नाग, डाव्या अंगाला अंबाडा, स्तन, पायात तोडा. दोन्ही अंगं जोडणारी रेघ मी बारकाईनं शोधली. सापडली नाही.

पूजा सांभाळणारी म्हातारी गुरवीण दोन वाट्या घेऊन आली. तिथली रीत अशी, की जोडप्यातल्या पुरुषानं देवाच्या उजव्या अंगाला भस्म लावायचं आणि बाईनं डाव्या अंगाला कुंकू. पत्नी खाली मान घालून उभी राहिली. मी म्हटलं, "दोन्ही मीच लावतो," आणि कुंकवाचं बोट पुढे केलं.

"अवो पावणं, म्हादेवाला कुकू लावताय व्हय!" गुरवीण खळखळून हसली. "तुमचं डावं न्हाई, देवाचं डावं! समोर उभं ऱ्हायलं की समदं उलटंच. बाजूला व्हा, बायकूच्या शेजारी ऱ्हावा. तिचं काम तिला करू द्या की."

"घरीपण असंच चाललंय, मावशी," पत्नी म्हणाली आणि हसली. ओठ वाकडे झाले, पण हसली.

मी तिच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो. तिनं उजव्या हातानं डावं मनगट उचललं, बोट कुंकवात बुडवलं. मी फक्त कोपराखाली तळवा धरला. बोट देवीच्या कपाळावर टेकलं आणि दाबलं गेलं. मी दाबलं नव्हतं. तिचा उजवा हात तर मनगटावरून केव्हाच सुटला होता.

ते कशानं घडलं, मला ठाऊक नाही. त्या दिवशी भीमाशंकर राहिलं. घरी आल्यावर मी खुर्ची तिच्या शेजारी ठेवली आणि हुकूम सोडणं थांबवलं. पुढच्या संक्रांतीला तिनं डाव्या हातात वाटी धरून शेजारणींना कुंकू लावलं. बोटं अजून पुरती उघडत नाहीत. तरी त्या म्हातारीचे आणि बंद पडलेल्या जीपचे आभार मी रोज मानतो. देवाला जे करायचं होतं ते तो करणारच होता. मी फक्त समोरून बाजूला व्हायला हवं होतं.