आत्याने घेतलेला साधा कॅमेरा

घरात सगळे तिला आत्याच म्हणत, भावजयसुद्धा. इस्पितळात एक्स-रे काढण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. माणसं वरून कितीही नटोत, आत सगळे सारखेच, हे मत तिथेच पक्कं झालेलं. निवृत्त झाल्यावर तिने कॅमेरा घ्यायचं ठरवलं. का, तर या घरात एकालाही धड फोटो काढता येत नाही, म्हणून.

भाचीचा नवरा, म्हणजे घरचा जावई, न विचारता सल्लागार झाला. त्याच्याकडे महागडा कॅमेरा होता. तो बहुतेक कपाटातच असे, पण गप्पा मात्र रोज बाहेर पडत.

"घ्यायचा तर फुल फ्रेमच घ्या, आत्या. बाकी सगळी खेळणी."

त्या बड्या कॅमेऱ्यात तिची निम्मी पुंजी गेली असती. आत्याने त्याच्याकडे फसलेल्या एक्स-रेकडे बघावं तसं पाहिलं.

दुकानातल्या विक्रेत्याने मेगापिक्सेलची पोपटपंची लावली. वर बॅग फुकट, ट्रायपॉड फुकट, पुसायचं फडकंही फुकट. फुकट देणाऱ्यांचा आत्याला मनस्वी तिटकारा. तिने एकेक कॅमेरा उचलून डोळ्याला लावला. रोग्यांना उचलून-निजवून तिचा खांदा कामातून गेला होता, जड वस्तू पेलत नव्हती. शेवटी तिने मागच्या खणातलं जुनं मॉडेल मागितलं. हलकं होतं, हातात नीट बसत होतं, सोबतची साधी लेन्स तिला पुरेशी होती. तिने तेच घेतलं. सोबत आलेला जावई घरी येईपर्यंत तोंड फुगवून बसला.

पहिले फोटो भिकार आले. कुणी काळंठिक्कर, कुणी भुतासारखं धूसर. जावयाला उकळ्या फुटल्या. "मी म्हणालोच होतो," तो म्हणाला.

"चूक माझी आहे," आत्या म्हणाली. "तू कशाला फुगतोस?"

पण ते तिला फार लागलं. इतकी वर्षं माणसं तिच्यापुढे निपचित पडत होती, कौशल्य सगळं यंत्राचं होतं. आपण नुसतं बटण दाबत आलो, असं तिला वाटलं, आणि जगाला दाखवत आलेली तुच्छता पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या वाट्याला आली. ती मुकाट्याने स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून सराव करू लागली. हलणाऱ्या माणसासाठी शटर किती चपळ ठेवायचं, कमी उजेडात काय सोडून द्यायचं, हे हळूहळू हाताला कळू लागलं.

भावजय तिथेच भाजी निवडत असे. पुढचा दात वाकडा, म्हणून लग्नापासून ती तोंडावर हात धरून हसायची. आत्या त्यावरून तिला मनातल्या मनात बावळट ठरवून मोकळी झाली होती. एका सकाळी भावाचा चष्मा कपाळावर होता आणि तो घरभर चष्माच शोधत हिंडत होता. भावजयीचे दोन्ही हात भाजीने माखलेले. ती तशीच खळखळून हसली. आत्याने बटण दाबलं.

फोटो बघताना भावजयीने त्यातल्या वाकड्या दातावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "हा मोठा करून भिंतीवर लावू या."

जावयाने डोळे बारीक करून फोटोच्या अंधाऱ्या भागात रव्यासारखे दाणे दिसतात म्हणून सांगितलं. जावयाला कधी एका शब्दाने न दुखावणारी भावजय शांतपणे म्हणाली, "तुमच्या कॅमेऱ्यात मी कशी दिसते, तोही फोटो एकदा आणून दाखवा."

तो उठून बाहेर गेला. आत्याला भावजयीबद्दल आयुष्यात पहिल्यांदा आदर वाटला. तोंडाने ती एवढंच म्हणाली, "दूध उतू जातंय, तिकडे बघ."