हिरालाल रामटेके नावाची फाइल

आमचा गौतम जास्तीचा इमानदार. सख्खा भाऊ आहे म्हणून सांगते, एवढा इमानदार माणूस घरात असला का घरच्यांचंच नुकसान होते.

या हिंदी मुलखात, गुढियारीत, आमची ही चौथी पिढी. तरी पोरांले जातीचा दाखला पाहिजे असला का तहसीलवाले म्हणतात, १९५० च्या आधी तुमचे लोक इथं होते त्याचा कागद आणा. आमचे आजोबा हिरालाल रामटेके मालधक्क्यावर हमाल होते. १९४८ च्या हजेरीच्या पानावर त्यांचं नाव होतं. गौतमनं आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दारोदार फिरून एकसष्ट घरांच्या असल्या कागदांचे फोटो काढले. बरं झालं म्हटलं, कारण मागून आमच्या पेटीतलं पान वाळवीनं फस्त केलं. फोटोत रजिस्टरचा नंबर होता, त्यावरून सरकारी नक्कल निघाली असती.

घरी कॉम्प्युटर नाही. पंडरीच्या बाजारात कापड दुकानांच्या बिलाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑफिसात तो बारा वर्षांपासून आहे, तिथंच कामाच्या फोल्डरमध्ये त्यानं फोटो ठेवले. मालक विकी 'हव, ठेव' म्हणाला, पण गिटमध्ये टाकायचे नाहीत म्हणे. गिट म्हणजे फाइलींची नोंद ठेवणारा प्रोग्राम. नोंदलेली फाइल पुसली तरी परत निघते. नोंद नसली का तिचा कोणी वाली नाही. दुसऱ्यानं गुपचूप नोंदवून टाकल्या असत्या. यानं शब्द दिला होता ना!

दिवाळीत गौतम सुट्टीवर असताना विकीनं सफाई काढली. एका कमांडनं नोंद नसलेलं सारंच उडते. उडवायच्या आधी गिटनं यादी दाखवली होती. पण गौतमनं फाइलींले नावं दिली होती मराठीत, ज्याचा कागद त्याचं नाव. यादीत ती नुसते उलटे स्लॅश अन् आकडे होऊन आली. विकीनं पाहिलं अन् एंटर मारलं. रीसायकल बिनमध्येही काही उरलं नाही.

"कचरा लग रहा था, भैया," एवढंच तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकसष्ट घरांची नावं, आमच्या आजाचं नाव, कचरा! काहून ऐकून घेतलं म्हणून मी गौतमले झापलं. तर म्हणे, दुसरी कॉपी मीच नव्हती ठेवली ताई, चूक माझी.

त्याची पोट्टी पायल तहसिलीतून हात हलवत परत आली. नर्सिंगची राखीव जागा गेली. महिनाभर बापाशी बोलली नाही. बोलली तेव्हा एकच बोलली, "पापा, एक पेनड्राइव कितने का आता है?"



आता गौतम पुन्हा दारोदार फिरून, ज्यांचे कागद शाबूत आहेत त्यांचे फोटो काढून राहिला. फाइलींची नावं इंग्रजीत टाकते, ऑफिसात सफाईची कमांडही बंद करवली. विकीनं फोटो गिटमध्ये टाकायची परवानगी दिली, मोठे उपकार केले. परवा मी डबा द्याले गेली तर स्क्रीनवर सगळ्यात वर आजोबांच्या नावाची फाइल. नोंदवलेली, कोणी पुसली तरी परत येणारी. माझा जीवच हरखला. उघड म्हटलं, मले पाहू दे.

"राहू दे ताई," गौतम म्हणाला. "रिकामी आहे."