एका अंड्याची घुबडं

माझा नवरा तिबुर्सियो चायाश हाडाचा चिक्लेरो. तीस वर्षं पेतेनच्या रानात चिकूच्या झाडांवर दोर टाकून चढला, कोयत्याने खाचा पाडून च्युइंगमचा चीक उतरवला. पुढे चिकाला कोणी विचारेना, तेव्हा घुबडांचा अभ्यास करणाऱ्या मारिसेलाबाईंनी त्याला झाडावर चढायला ठेवलं. मी म्हटलं, घ्या, आता म्हातारपणी घुबडांची सुईण!

पण माणूस रमला. घरी आला की तेच पुराण. तपकिरी घुबड ढोलीत दोन-तीन अंडी घालतं. उंदीर, भुंगे, मिळेल ते गिळतं. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं घुबड त्याच्याच भावकीतलं, पण त्याची तऱ्हा न्यारी. ते वटवाघळं धरतं, आणि उंच फांदीवरच्या ऑर्किडच्या झुबक्यात, उघड्यावर, एकच अंडं घालतं. "एकच गं, दामियाना," तो म्हणायचा.  आमचीही एकच लेक होती, सातव्या वर्षी तापाने गेली.

एका मार्चमध्ये काळ्यापांढऱ्याची जोडी एका झाडावर राहिली. अंडं नक्की कुठल्या झुबक्यात आहे ते बघायला बाईंनी याला वर पाठवलं. आता चिक्लेरो वर चढताना खोडाफांदीवरचं सगळं कोयत्याने साफ करत जातो, नाहीतर दोर सरकतो. याचाही हात सवयीने चालला. डोकं चालेपर्यंत झुबका अंड्यासकट खाली आला होता.

अंडं फुटलंच. याने झुबका परत त्याच फांदीवर नेऊन बांधला. जोडी गेली ती गेलीच. बाईही काम आटोपून गेल्या, पण हा दर मार्चला दिवस कलला की त्या झाडाखाली जाऊन बसायचा. नऊ वर्षं मी तोंडाचा पट्टा चालवला. तामाल गार होतात, डास फोडून काढतात, आणि कशासाठी, तर दोन पाखरांसाठी! तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा.

यंदा त्याचे गुडघे गेले. मला म्हणाला, तू जाऊन ये. बडबडत गेले. तपकिरी तेवढं ढोलीतून घुमलं. झुबका रिकामाच होता. घरी आले तर हा दाराशी खुर्ची ओढून बसलेला.

"नाही आली," मी म्हटलं.

"उद्या जाशील?"

जाईन म्हटलं. त्याच्यासाठी नव्हे. तिथे बसल्यावर कळलं, मलाही ती परत हवी आहेत.