चाक वाजलं की मान खाली

गावातल्या कुणाच्याही बंडीचं चाक कुरकुरलं की आमचे मामाजी मान खाली घालायचे. बंडी दुसऱ्याची, बैल दुसऱ्याचे, आळस दुसऱ्याचा. लाज मात्र यांना! मामाजी म्हणजे माझे सासरे. ओसरीवर बसल्या बसल्या तो आवाज ऐकून असे काही अवघडायचे, की जणू चारचौघांत त्यांच्याच धोतराची गाठ सुटली. मग राहवायचं नाही. खुंटीवरचा तेलाचा डबा आणि कोंबडीचं पीस घेऊन रस्त्यावर जायचे आणि बंडी अडवायचे. "काऊन बाप्पा, चाक रडून राह्यलं, तुले आयकू येत नाई?" बंडीवाला खाली उतरेपर्यंत यांचं पीस आसावर फिरूनही झालेलं असे.

त्या तेलाला ते ओंगण म्हणत. मी चंद्रपूरची, डांबरी रस्त्यावर वाढलेली. हा शब्द मला त्यांनीच शिकवला. जवसाच्या तेलात काजळी खलून ते घरीच करायचे, आणि त्याचा वास त्यांच्या बोटांना, धोतराला, पानाच्या डब्यालासुद्धा यायचा. लग्नानंतर माझे वडील पहिल्यांदा सावली या बाजाराच्या गावाजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा दार उघडताना बिजागरी करकरली. व्याह्यांना पाणीसुद्धा न विचारता मामाजी तडक डबा आणायला गेले. वडील उंबऱ्यातच उभे. बिजागरीला तेल देऊन, दार चारदा उघडमीट करून, ते म्हणाले, "आता या. मघा मलेच लाज वाटली." वडिलांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, माणूस बरा आहे ना?" बरा म्हणजे काय, सोन्यासारखा होता. पण चारचौघांत आपल्या घराला कुणी नावं ठेवली तर, या धाकात जन्म काढलेला.

एका पावसाळ्यात जोडीतला एक बैल गेला. दुसरा नुसता दावणीला हंबरत राहायचा, तो विकला. शेत ठेक्याने दिलं. आमचे हे ग्रामसेवक, रोज वेगळं गाव, कुठे चिखल तर कुठे जंगल. त्यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली आणि बैलांच्या कोठ्यात ती उभी राहिली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. शेत नाही, बैल नाहीत, बायको नाही. अशा माणसानं सकाळी उठून करायचं तरी काय? मामाजींनी ती गाडीच पोटाशी धरली. कोठा झाडायचा, चाकांचा चिखल खरवडायचा, ऊन आलं की तिच्यावर तरट टाकायचं. हे कामावरून आले की मामाजी आधी विचारायचे, "आज तिले लई पळवलं का रे?" मी हसले तर म्हणायचे, "हास बाई, हास. पन मुकी हाये ते. आपनच पाहाव लागते." त्या गाडीखेरीज त्यांच्या हाताला घरात दुसरं काम उरलंच नव्हतं. पोराच्या घरी आपण फुकटचं खातो असं वाटू नये, म्हणून तेवढा एक आधार होता त्यांना.

गाडी तशी गुणी होती, फक्त पुढचा ब्रेक लहरी. एक दिवस असा लागायचा की मी मागून ह्यांच्या पाठीवर आदळावं. दुसऱ्या दिवशी मूठ आवळून आवळून बोटं दुखली तरी गाडी आपली चाललेलीच. सावलीचे रज्जाकभाई मिस्त्री, माणूस हुशार, तेही चक्रावले. आधी म्हणाले, केबल ताणली आहे. केबल बदलली. मग म्हणाले, नाल्यातून गाडी काढता, चाकातल्या ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी शिरतं, वाळलं की बरं होईल. वाळलं, बरं काही झालं नाही. मग त्यांनी चाकाला आतून धरणारे ब्रेकचे शू काढले, वरचा काळा थर नाल्याचा चिखल समजून कानशीने घासला, आणि ब्रेक झकास लागला. आठवडाभर! पुढच्या बाजाराला गाडी पुन्हा त्यांच्या दारात. शेवटी नवे शू टाकले, तरी तीच गत.

मामाजी प्रत्येक वेळी सोबत जायचे आणि दुकानासमोरच्या फळीवर अंग चोरून बसायचे. घरी आल्यावर म्हणायचे, "दर बाजाराले आपली गाडी मिस्तरीच्या दारात. लोक काय म्हन्तीन, सूनबाई? म्हन्तीन, म्हाताऱ्याले एक गाडी राखता येत नाई." मी म्हणायची, "मामाजी, गाडी आहे, बिघडायचीच." त्यांना ते पटायचं नाही. घरातलं जनावर आजारी म्हणजे धन्याचा दोष, एवढंच त्यांना ठाऊक.

भाताची रोवणी संपत आली होती. मी आणि हे सावलीच्या बाजाराला निघालो. तलावाच्या पाळीवरून रस्ता एकदम खाली उतरतो, तिथे एक मासोळीवाली डोक्यावर टोपलं घेऊन रस्ता ओलांडत होती. ह्यांनी पुढचा ब्रेक आवळला. मूठ थेट हँडलला टेकली, गाडीला मात्र काही कळलंच नाही. मागचा दाबला तर चाक खडीवर घसरलं. बाईला वाचवायला ह्यांनी गाडी बाजूला घातली आणि आम्ही दोघं गाडीसकट भाताच्या बांधीत, म्हणजे चिखलानं भरलेल्या वाफ्यात. मासोळीवालीला खरचटलंसुद्धा नाही. उलट तिनेच मला ओढून काढलं. ह्यांना मुका मार लागला. माझं उजवं मनगट मोडलं.

निरोप मिळाला तसे मामाजी धावत सावलीला आले. मला प्लास्टर घालून आम्ही रज्जाकभाईंच्या दुकानी बसलो होतो, गाडीही तिथेच आणलेली. बाजाराचा दिवस, दुकानापुढे ही गर्दी. रज्जाकभाईंनी पुढचं चाक काढलं, ड्रम उघडला, शूवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग ते खो खो हसत सुटले. "अरे भाई, इसमें तो जवसाचं तेल हाये! ब्रेकले कोनी फोडनी देल्ली का? तेल पडलं तं थो पकडन कसा?" लोकही हसले. कुणीतरी म्हणालं, कांदा टाकायचा राहिला.

माझ्या मात्र लक्षात आलं. शू घासले किंवा नवे टाकले की ब्रेक दाबताना चाक चीं करायचं. ब्रेक नीट लागल्याचाच तो आवाज. पण मामाजींच्या कानाला ते चाक रडत होतं. बंडीचा आस तेलानं शांत होतो, मग हिचं चाक का नाही होणार? मिस्त्री दुरुस्त करून देत आणि मामाजी, गाडीच्या भल्यासाठी, ड्रमच्या फटीतून ओंगण सोडत. ते चिकट तेल कधी धरायचं, कधी सोडायचं. मी मामाजींकडे पाहिलं नाही. वाटलं, आता यांनी गप्प राहावं. कुणाला कळणार आहे!

पण ते उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "मी टाकलं. चाक वाजून राह्यलं होतं म्हून मी टाकलं. माह्या सुनेचा हात मीच मोडला."

हसणं थांबलं. रज्जाकभाई बिचारे ओशाळून म्हणाले, "जाऊ द्या बाबाजी, होते असं." आमचे हे तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले. चार शब्द ओरडले असते तर बरं झालं असतं हो! मामाजी आमच्याआधीच चालत घराकडे निघाले. बाजारातून जाताना एकाही ओळखीच्या माणसाकडे त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर ते कोठ्यात गेले नाहीत. ओंगणाचा डबा शेजारच्या बंडीवाल्याला देऊन टाकला. माझा हात जुळेपर्यंत विहिरीवरून पाणी तेच आणायचे. सासरा सुनेसाठी पाणी भरतो म्हणून बायका बघायच्या, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण घागर त्यांच्या हातून सुटायची नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी मी मुद्दाम भरलेली बादली उचलून दाखवली. "बघा मामाजी, होता तसा झाला हात!" त्यांनी मनगटाकडे नुसतं ओझरतं पाहिलं. "बरं झालं बाई," म्हणाले आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. रस्त्यावरून कुरकुरत बंडी गेली तरी आता उठायचे नाहीत. घरात असूनही नसल्यासारखे झाले ते. ह्यांनाही आतून वाईट वाटत होतं, मला कळायचं. पण या घरचे पुरुष! एकानं तोंड उघडायचं नाही, दुसऱ्यानं विचारायचं नाही.

थंडीत मामाजींना ताप भरला, उतरेना. सकाळची एसटी आलीच नाही. गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायचं तर मोटारसायकलशिवाय इलाज नव्हता. ते ऐकेनात. "मी बंडीनं येतो." ह्यांनी अखेर त्यांना उचलूनच गाडीवर बसवलं. पुढे हे, मध्ये ते, मागून मी त्यांना धरलेलं. ब्रेक आता ठणठणीत होता. तरी वैनगंगेच्या पुलाकडचा उतार लागला आणि खालून फरफर, फरफर आवाज यायला लागला. वाकून बघते तो काय, मामाजींनी दोन्ही पाय खाली सोडलेले, टाचा रस्त्यावर रोवलेल्या.

"बाबा, पाय वर घ्या!" हे ओरडले.

"घेतो, घेतो." घेतले, आणि पुढच्या उतारावर पुन्हा सोडले. दोन्ही चपला वाटेतच कुठेतरी गेल्या. माझी पकड सैल पडली तर म्हातारा खाली जायचा, म्हणून मी नुसती घट्ट धरून बसले.

दवाखान्यात खाटेवर निजवलं तेव्हा सिस्टरने पाय पाहिले. टाचांची सालं निघाली होती, त्यात खडी रुतलेली. "अगं बाई, हे काय झालं?" तिनं विचारलं. मामाजींनी लगबगीनं पाय पांघरुणात ओढले. "काई नाई, काई नाई," म्हणत राहिले, आणि ती औषध घेऊन आली तरी पाय बाहेर काढेनात. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. दोन्ही फुप्फुसं भरली होती, डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं.

त्या वेळी सिस्टर औषध घेऊन खाटेशीच थांबली होती, आणि हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. मामाजींनी मला खूण करून जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेला होता.

"सूनबाई, उतारावर गाडी थांबली ना बरोबर? कोनाले लागलं तं नाई?"

मी काही बोलायच्या आत हे वळले. खाटेशी खाली बसले. किती महिन्यांनी वडिलांच्या तोंडाकडे बघत होते!

"थांबली बाबा," ते म्हणाले. "तुम्ही पाय लावले म्हणून थांबली."

मामाजींनी हळूच दोन्ही पाय पांघरुणाबाहेर काढले आणि सिस्टरला म्हणाले, "लाव बाई औषध."