पपईचा प्रसाद

आमच्या कुंभकोणात देवळाच्या वाटेवर मी फुलं विकते. समोर फळांची गाडी असती. तिथं रोज सकाळी एक बाई यायची. नाव मी कधी विचारलं नाही. पपई उचलायची, देठाशी वास घ्यायची, खाली ठेवायची, परत तीच उचलायची.

एकदा माझ्याजवळ येऊन बसली. "पाट्टी, तुम्ही माझ्या आजीच्या जागी, तुम्हीच सांगा. माझी आई नुसता दहीभात खाती. भाजी ताटाच्या कडेला सारती, फळाला तर शिवत नाही. हिरड्यांतून रक्त येतंय. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर अंथरूण धरंल."

काशीला गेलं की आवडीचं एक फळ सोडायचं, ही इकडची रीत. हिची आई काशीला गेली तेव्हा ही तापानं पडलेली. पोर वाचू दे म्हणून आईनं सगळीच फळं सोडली.

"माझ्यासाठी सोडलीस, आता माझ्यासाठीच खा म्हणते, तर तोंड फिरवती."

मी काशी बघितली नाही. ताकभातावर पोरं वाढवली, सोडायला माझ्याकडं फळ होतं कुठं? तरी म्हटलं, "देवापुढं ठेव नि प्रसाद म्हणून दे. प्रसादाला कोण नको म्हणंल?"

दुसऱ्या दिवशी डोळे सुजवून आली.

"घेतला का गं?"

"घेतला, पाट्टी. डोळ्यांना लावला नि माझ्याच तोंडात घातला. म्हणती, किती वाळलीस तू."

मी माळ ओवत राहिले. मीही तेच केलं असतं, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? ती उठली, गाडीशी गेली नि परत पपईचा वास घेऊ लागली.