रेक्झिनखालचा पट्टा

गाड्यांच्या सीटा शिवण्यात माझं आयुष्य गेलं. उस्मानाबादला, तुळजापूरच्या रस्त्यावर माझं पत्र्याचं दुकान होतं. माझा हात गोड आहे आणि तोंड कडू, असं आक्का म्हणायची. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तिनंच मला वाढवलं. लग्न झालं तेव्हा सासरी जाताना ती मलाही बरोबर घेऊन गेली. दाजींनी त्याबद्दल कधी कपाळाला आठी घातली नाही. दुकानही त्यांनीच काढून दिलं.

दाजी एका सहकारी संघाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधी संघानं मुंबईहून एक जुनी विलायती गाडी घेतली आणि ती आणायला दाजीच गेले. गाडीच्या पुढच्या दोन्ही सीटांना पट्टे होते, खांद्यावरून कमरेकडे येणारे. असला पट्टा आमच्याकडे कुणी पाहिलेला नव्हता. तिथल्या मिस्त्रीनं दाजींना तो लावायला शिकवला होता आणि ते मुंबईपासून उस्मानाबादपर्यंत पट्टा लावून आले. गावात फिरतानाही लावायचे. विमान उडवायला निघालात का, असं लोक विचारायचे, तर हे हसून मान डोलवायचे.

गाडीच्या सीटा पार फाटल्या होत्या. नवं कव्हर शिवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी तांबड्या रंगाचं रेक्झिन निवडलं, काथ्या नवा भरला, शिवण अशी घातली की बोट फिरवलं तरी कळू नये. अडचण एकच, ते पट्टे. ते वर ठेवायचे तर रेक्झिनला चिरा द्याव्या लागणार आणि सलग काम तुटणार. दाजी म्हणाले, पट्टा तेवढा बाहेर राहू दे. मी म्हणालो, आपल्या रस्त्यांवर बैलगाडी गाडीच्या पुढं जाते, तिथं पट्टा कशाला? दाजी एकदा म्हणाले, दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत. माझ्यापाशी त्यांनी कधी कुठल्या गोष्टीचा हट्ट धरला नाही. मी दाराच्या खांबावरचे बोल्ट काढले, पट्ट्यांच्या घड्या घालून सीटखाली दाबल्या आणि वरून कव्हर ओढून शिवून टाकलं. संचालक मंडळी गाडी बघून खूश झाली, आणि मी तर आठवडाभर हवेत होतो.

मग दुष्काळ आला. संघाची गाडी दिवसभर छावण्या आणि खडीच्या कामांवर फिरायची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फोडलेल्या खडीचे ढीग असायचे. एका दुपारी छावणीतून सुटलेलं एक वासरू आडवं आलं. त्याला वाचवायला दाजींनी गाडी वळवली आणि ती ढिगावर चढून आदळली. मागं बसलेल्या साहेबांचा गुडघा खरचटला. दाजींची छाती स्टिअरिंगवर आपटली. जीव वाचला, पण बरगड्या मोडल्या आणि श्वास कायमचा अर्धा झाला.

पुढं दोनेक महिन्यांनी ती गाडी ट्रॅक्टरमागं बांधून माझ्या दुकानात आणली. पुढचा भाग चेंदामेंदा आणि आतलं सगळं नव्यासारखं. संघाच्या गोदामात एक जुनी देशी गाडी पडून होती, तिच्या सीटा उंदरांनी खाल्ल्या होत्या. हिच्या सीटा, दारांचे पॅड आणि सतरंजी काढून तिला बसवायची होती. असलं काम माझ्या वाट्याला यायला नको होतं, पण नाही कुठल्या तोंडानं म्हणू?

घरात कोंडल्यासारखं होतं म्हणून दाजी दिवसभर माझ्या दुकानात खुर्चीवर बसायचे. आक्का दुपारी भाकरी घेऊन यायची. त्या दिवशी ती आली तेव्हा मी ड्रायव्हरची सीट उलटी करून कव्हर उसवत होतो, आणि घडी घातलेला पट्टा तिच्या पायाशी पडला. कोरा करकरीत होता, धूळसुद्धा बसली नव्हती.

तिनं तो उचलला. गावभर फिरताना दाजी तो लावायचे हे तिनं पाहिलं होतं. हा खाली कुणी घातला, असं तिनं विचारलं. मी खाली मान घालून टाके उसवत राहिलो.

दाजी खुर्चीवरून म्हणाले, "म्याच सांगितलं व्हतं त्याला. बसता-उठता पायात गुतायचा. खाली दाब म्हणलं."

 आक्का पट्टा माझ्या अंगावर टाकून रडत घरी गेली. मी दाजींना म्हणालो की आत्ता जातो आणि तिला खरं सांगतो. त्यांनी हातानंच थांबवलं. दम लागत होता, तुटक तुटक बोलले.

"माझं काय खरं न्हाय आता. तिला माहेर म्हंजे तूच. ते मोडू नगंस."

मी गेलो नाही. दाजींचं ऐकलं असं मी पुढं स्वतःला सांगत आलो, पण मी भ्यालो होतो हेच खरं.

सीटा देशी गाडीत नीट बसेनात. दोन्हीकडच्या लोखंडी पट्ट्या कापून, नवी भोकं पाडून बसवल्या. दाजींनी पट्टेही बसवायला लावले. खांबाला पत्रा जोडून ते बोल्ट आवळले, रेक्झिनला चिरा दिल्या. नव्या ड्रायव्हरनं त्या पट्ट्यावर आपला टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली.

दाजी पुढं सात-आठ महिने होते. आक्का त्यांची छाती शेकायची आणि शेकताना बोलायची. पोरींचा तरी इचार करायचा व्हता, चांगला पट्टा असून खाली दाबला, असली कसली अक्कल. हे रोज. मी दारात बसून ऐकायचो. दाजी दर वेळी एवढंच म्हणायचे, "व्हय, चुकलं माझं." ते गेले त्याच्या आदल्या दिवशीही म्हणाले.

त्यानंतर पन्नासेक वर्षं आक्काचं माहेर शाबूत राहिलं. दिवाळीला, पंचमीला आक्का माझ्याकडे येत राहिली. मी कुणाचंही कव्हर शिवताना काही झाकलं जाणार नाही याची काळजी घेत राहिलो.

मागच्या वर्षी भाचीनं आम्हा दोघा म्हाताऱ्यांना डोळे दाखवायला सोलापूरला नेलं. आम्ही मागं बसलो. भाची म्हणाली, मागच्यांनीही पट्टा लावायचा. आक्काला तो लावता येईना, मीच खटका बसवला. तुळजापूर यायच्या आत, आता रुंद झालेल्या त्या रस्त्यावर, ती बाहेर बघत म्हणाली की त्यांनी असा लावला असता तर. तिचं नेहमीचंच वाक्य होतं, पण त्या दिवशी मला ते सोसलं नाही. मी सगळं सांगितलं. दाजी पट्टा बाहेर ठेव म्हणाले होते, माझ्या शिवणीच्या हौसेपायी मी तो गाडला, आणि ते माझ्यासाठी खोटं बोलले.

सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं, त्याची लाज अजून जात नाही. आता ती मला काय वाटेल ते बोलेल, आणि बोलू दे, असं मी ठरवलं होतं. पण मला बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. ती छातीवरचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसली होती.  तुळजापूर मागं गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली,

"रोज बोलायचे रं मी त्यांना. आन् ते 'चुकलं माझं' म्हणायचे."